कनवटीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहायचे म्हटले की माझे पाय कापतात. पण त्या म्हणाल्या, "भाषण करू नकोस. तुझ्या कमरेची ती वही तेवढी दाखव आणि ती कशी केलीस ते सांग." वही दाखवायला काही शिक्षण लागत नाही, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चूकभूल झाली तर पोटात घाला.

ही पाहा ती वही. तळहाताएवढी आहे. वर ओटीच्या खणाचे कापड, आत साधा कोरा कागद. दुकानात याला पॉकेट डायरी म्हणतात, प्लॅनर म्हणतात. मी तिला कनवटीची वही म्हणते, कारण आपल्याला खिसा कुठे असतो? पुरुषांच्या सदऱ्याला एक खिसा, विजारीला दोन. आपल्या लुगड्याला एकही नाही. माझी आजी कमरेला चंची खोचत असे. पान, सुपारी, चुना, चार सुटी नाणी आणि देवळातला अंगारा, असा तिचा सगळा संसार त्या चंचीत मावे. तिची चंची डोळ्यांपुढे ठेवूनच मी या वहीचे कापड शिवले. ज्या भगिनी पंजाबी पोशाख घालतात त्यांनी कुडत्याला आतून एक कप्पा शिवून घ्यावा. माझ्या परकराला मी तसा शिवलाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, भिंतीवर कालनिर्णय असताना वही कशाला? मीही वीस वर्षे हेच म्हणत होते. आमच्या सासूबाईंना लिहिता येत नाही. त्या दुधाचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवीत, आणि महिनाअखेर गवळ्याशी एका रेघेचाही फरक पडू देत नसत. १९७३ साली कालनिर्णय निघाले. मी लग्न होऊन आले तोवर भिंतीवरच्या रेघा जाऊन तिथे ते आले होते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, धाकट्याच्या परीक्षा, यांच्या विम्याचा हप्ता, सारे त्याच्यावर. महिना संपेपर्यंत एक चौकोन रिकामा राहत नसे. ते फार सोयीचे आहे, आजही आमच्या भिंतीवर आहे, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलायला उभी राहिलेली नाही.

पण भिंतीच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे भिंत आपल्याबरोबर बाजारात येत नाही. दुसरी अडचण मला फार उशिरा कळली, आणि तीच सांगण्यासाठी मी आज उभी आहे. भिंत सगळ्यांची असते. तिच्यावर घराचे लिहिता येते, आपले लिहिता येत नाही.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मला दोन जिने चढले की दम लागू लागला होता. फॉल-पिकोच्या मशीनवर बसले की डोळ्यांपुढे काजवे चमकत. अंगावरून जाणे वाढले होते, पण चाळिशी ओलांडली की असे व्हायचेच, असे समजून मी गप्प होते. शेवटी थोरल्या मुलीने मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.२. बाईमाणसाला ते किमान १२ असावे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली आणि विचारले, "मागची पाळी कधी आली?"

मी म्हटले, "संकष्टीच्या आसपास."

"कोणत्या संकष्टीच्या?"

मी मुलीकडे पाहिले, मुलगी माझ्याकडे. मग त्यांनी विचारले, किती दिवस राहिली? त्याच्या आधीची कधी होती? मधे अंतर किती पडते? दिवसाला किती घड्या लागतात? मैत्रिणींनो, एकाही प्रश्नाचे उत्तर मला धड देता आले नाही. मला सासूबाईंची डोळे तपासायची तारीख पाठ होती. यांचा विमा कोणत्या दिवशी भरायचा ते पाठ होते. शेजारच्या तान्ह्याला गोवराची लस कधी द्यायची हेसुद्धा मी तिच्या आईच्या आधी सांगितले असते. आणि माझ्या स्वतःच्या देहाची एक तारीख मला सांगता येईना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सोनोग्राफी सांगितली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "दोन महिन्यांनी येताना तारखा लिहून आणा. तारखांशिवाय मी अंदाजाने औषध देत राहीन."

घरी येताना मी विचार करीत होते, की लिहायचे कुठे? कालनिर्णय आमच्या देवघराशेजारी टांगलेले. काही बायका त्याच्यावर बारीकसे टिंब करून ठेवतात. पण आमच्या घरी येणारा-जाणारा तिथेच उभा राहून तिथी पाहतो. दीर येतात, भाचे येतात. त्या चौकोनात ती खूण करायला माझा हात धजला नसता. मुलगी म्हणाली, मोबाईलमध्ये लिही. पण आमच्या घरात मोबाईल दोन. एक यांच्याबरोबर मागावर जातो, दुसरा दिवसभर धाकट्याच्या हातात. तो रात्री माझ्याकडे येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते, आणि माझीही. ज्यांचा स्वतःचा मोबाईल आहे त्यांनी खुशाल त्यात लिहावे. माझी गोष्ट वेगळी होती.

तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते जयसिंगपूरच्या पेठेत एका किराणा दुकानात हिशेबाला होते. लाल कापडाची चोपडी ते स्वतः शिवीत. तिच्या कागदाला रेघा नसत. कागदाला घड्या पाडायच्या, म्हणजे आपोआप रकाने पडतात, पट्टी नको की दौत नको. लहानपणी त्यांच्याजवळ बसून मीही चिठोऱ्यांच्या चोपड्या शिवीत असे. त्या रात्री सगळे निजल्यावर मुलाच्या प्रोजेक्टचा एक कागद घेतला, दुलई शिवायची सुई घेतली आणि पहिली वही शिवली. ती कशी करायची ते आता सांगते. ज्यांनी पिशवीत कागद आणले असतील त्यांनी बरोबरच घड्या घालाव्यात.

छपाईचा साधा ए-फोर कागद घ्यायचा. तो २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. लांबीच्या मधोमध पहिली घडी. पुन्हा लांबीच्या मधोमध दुसरी. पुन्हा तशीच तिसरी. प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करायची. आता हातात साडेदहा सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटरला जरा कमी रुंद असा जुडगा आला. यात आठ पाने आहेत, म्हणजे दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठे. तिसरी घडी जिथे पडली ती वहीची पाठ.

कडा आत्ताच कापू नका. आधी कापल्या तर पाने सुटी होतात आणि शिवताना हातातून निसटतात. आधी शिवायचे, मग कापायचे. पाठीच्या घडीवर तीन भोके पाडा, एक मधोमध, एक वर, एक खाली. दोरा दुहेरी घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकाशी जाऊन बाहेर काढा, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोऱ्याची दोन्ही टोके आत आली. मधून जो लांब टाका गेला आहे त्याच्या एका अंगाला एक टोक, दुसऱ्या अंगाला दुसरे, अशी गाठ मारा. ही गाठ सुटत नाही. मग भाजीच्या पातळ सुरीने वरची आणि बाजूची मिटलेली कड उघडा. सुरी एका दमात ओढायची, करवतीसारखी चालवायची नाही, नाहीतर कागदाला दशा सुटतात.

ही झाली एका महिन्याची वही. एक कागद, एक महिना. वर्षाला बारा कागद, आणि तेरावा कागद वर्षाचा. कोणी म्हणेल, सगळे एकत्र का शिवू नये? एकतर जाड वही कनवटीला टोचते. दुसरे म्हणजे बारा महिन्यांचे ओझे रोज कमरेला कशाला? मी तीनच वह्या बरोबर ठेवते, मागच्या महिन्याची, चालू महिन्याची आणि वर्षाची. बाकीच्या ट्रंकेत. पाचशे कागदांच्या एका रीममध्ये अडतीस बायकांचे वर्ष भागते आणि सहा कागद उरतात. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला आहे.

कापडाचे म्हणाल तर ओटीत आलेले खण आपल्या प्रत्येकीच्या कपाटात पडून असतात. २६ सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर उंच असा एक तुकडा आणि तेवढेच जुन्या धोतराचे अस्तर घ्या. पाऊण बाजू शिवून उलटे करा, उरलेली शिवा, आणि दोन्ही टोके चार-चार सेंटिमीटर आत दुमडून वर-खाली टाके घाला. दोन्हीकडे खिसे तयार होतात. मधोमध पाठीवर बारीक इलॅस्टिकचे तीन पदर उभे शिवायचे. एकेका पदराखाली एकेक वही मधल्या पानावर उघडून सरकवायची. महिना संपला की ती काढून नवी सरकवायची. बाजूला पेन्सिलीसाठी एक फासा आणि गुंडाळून बांधायला नाडी. पेन्सिलच घ्या. घामाने, ओल्या हाताने शाई फुटते, पेन्सिल फुटत नाही. आपले हात कधी कोरडे असतात? उन्हाळ्यात अस्तराच्या आत दुधाची पिशवी धुऊन, कापून घालावी, म्हणजे घाम कागदाला लागत नाही.

आता सोळा पृष्ठांत काय लिहायचे ते सांगते. ही माझी मांडणी आहे, तुम्ही आपापल्या घराप्रमाणे बदलावी.

पहिल्या पृष्ठावर महिन्याचे नाव, आपले नाव, रक्तगट आणि अडीअडचणीला कळवायचे दोन फोन नंबर. मोबाईल बंद पडला तर आपल्याला आपल्या मुलीचासुद्धा नंबर आठवत नाही, हे लक्षात ठेवा. दोन आणि तीन ही पृष्ठे समोरासमोर येतात, त्यांच्यावर महिन्याच्या सर्व तारखा आणि वार एकाखाली एक. सणवार, संकष्टी, एकादशी कालनिर्णयातून उतरून घ्यायची. वडिलांनी शिकवलेली एक युक्ती इथे उपयोगी पडते. मार्च आणि नोव्हेंबर, एप्रिल आणि जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर या जोड्या नेहमी एकाच वाराने सुरू होतात, वर्ष लीप असो वा नसो. म्हणून या वह्या जोडीने आखाव्यात, निम्मे काम वाचते.

चार ते अकरा ही आठ पृष्ठे रोजची. एका पृष्ठावर चार तारखा, म्हणजे एकतीस तारखा आठ पृष्ठांत बसतात. पानाला उभी घडी पाडून उलगडायचे, दोन रकाने पडतात. डावीकडे करायचे काम, उजवीकडे गेलेले पैसे. बारावे पृष्ठ देण्याघेण्याचे, त्यात भिशी, बचत गटाचा हप्ता आणि कोणाला दिलेली साखरसुद्धा. तेरावे दुधाचे खाडे आणि रेशनचे. चौदावे औषधांचे. सोळावे, म्हणजे अगदी मागचे, पुढच्या महिन्यात न्यायच्या गोष्टींचे. महिना संपताना मागचे पृष्ठ वाचायचे आणि नव्या वहीत उतरवायचे, म्हणजे काही गळत नाही.

वर्षाच्या कागदात वर्षातून एकदा किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या गोष्टी. माणूस त्यांनाच विसरतो. विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर पंधराच दिवसांची. हे मला एकदा व्याज भरून कळले, आणि चूक कंपनीची नव्हती, माझी होती. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवर छापलेली असते, पण शेगडीखाली वाकून ती कोण वाचतो? मुलांच्या लसी आपण पाच वर्षांपर्यंत न चुकता देतो आणि मग सुटलो म्हणतो. पण दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. माझ्या धाकट्याची दहाव्या वर्षाची राहून गेली होती. वर्षाचा कागद लिहायला बसले तेव्हा ती सापडली.

तुमच्या लक्षात आले असेल की मी पंधरावे पृष्ठ सोडून दिले. ते माझे स्वतःचे. त्याच्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाचे काही लिहायचे नाही, असा मी नेम केला आहे. पाळी सुरू झाली ती तारीख, संपली ती तारीख. जास्त गेले त्या दिवशी भरलेला गोळा, थोडे गेले त्या दिवशी पोकळ गोळा. घड्या किती लागल्या तो आकडा. लोहाची गोळी घेतली की बरोबरची खूण. खाली वजन आणि हिमोग्लोबिन. अगदी तळाला फॉल-पिकोचे माझे पैसे किती आले आणि त्यांतले माझ्या नावावर किती राहिले. पहिल्या महिन्यात हे शेवटचे लिहिताना मला संकोच वाटला. आता वाटत नाही.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, मी डॉक्टरीणबाईंपुढे ही वही ठेवली. ८ डिसेंबर, २७ डिसेंबर, मग १४ जानेवारी, म्हणजे ऐन भोगीच्या दिवशी, आणि २ फेब्रुवारी. मधले अंतर १९, १८, १९ दिवस. दर वेळी नऊ-दहा दिवस जात होते. त्यांनी बोटाने तारखा मोजल्या आणि सांगितले, "एकवीस दिवसांच्या आत येणे आणि आठवड्याहून जास्त राहणे हे वयाचे म्हणून सोडून द्यायचे नसते." सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहानशी गाठ दिसली होती. ती कर्करोगाची वाटत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले.

आता पुढचे सांगताना मला जड जाते, पण सांगते. आमच्या थोरल्या जाऊबाईंनाही असाच त्रास होता. त्यांची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. ती काढायलाच हवी होती की नव्हती हे मला कळत नाही, आणि कोणाला दोषही द्यायचा नाही. पण त्यांना तारखा कोणी विचारल्या नाहीत आणि त्यांच्याजवळ तारखा नव्हत्या. "काढून टाका, कटकट जाईल," असे एकाने म्हटले आणि त्यांनी मान हलवली. माझ्या वेळीही नात्यातल्या चारजणी हेच म्हणाल्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. कमी वयात त्यांतल्या कितीतरी जणींची गर्भाशये काढली गेली होती, आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि दुसऱ्या कोणाची म्हणून पान उलटले होते.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "काढावीच लागेल का?" असा प्रश्न विचारायची हिंमत मला त्या पंधराव्या पृष्ठाने दिली, कारण त्या दिवशी आमच्या दोघींपुढे एकच कागद होता आणि तो मी लिहिलेला होता. त्या म्हणाल्या, "गाठ लहान आहे. आधी औषधाने पाहू. तुम्ही असेच लिहीत राहा. सहा महिन्यांत अंतर वाढले आणि दिवस कमी झाले तर शस्त्रक्रियेचा विचार करायला नको. नाही झाले तर तेव्हा ठरवू, आणि मग शंकेला जागा राहणार नाही."

सहा महिने मी लिहीत राहिले. एप्रिलमध्ये अंतर २२ दिवस झाले. जूनमध्ये २४. ऑगस्टमध्ये २६, आणि पाळी सहा दिवसांत संपली. हिमोग्लोबिन ११ वर आले. माझी पिशवी माझ्याजवळच आहे. आता दोन जिने चढून मी गच्चीवर कुरडया घालते. प्रत्येकीचे असेच होईल असे मी म्हणत नाही. मी डॉक्टर नव्हे. कोणाला शस्त्रक्रिया लागेलही, आणि ती लागली तर घाबरून अंगावर काढू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेले तर तर एक दिवसही थांबू नये, असे डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितले आहे. तेही मी वर्षाच्या कागदात लिहून ठेवले आहे. माझे म्हणणे इतकेच, की जो काही निर्णय होईल तो आपल्या तारखा समोर ठेवून व्हावा.

वही घरात कोणी वाचली तर, असे मला बऱ्याच जणी विचारतात. वाचली आहे. एकदा नाडी सुटून ती यांच्या हाती लागली. पंधरावे पृष्ठच उघडले होते. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी पगाराच्या पिशवीतून पालकाची जुडी आणि पावशेर खजूर निघाला. त्याच्यावरही ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

सासूबाईंनी मात्र विचारले. "सगळ्यांचे लिहितेस, माझ्या गोळ्यांचे लिही," म्हणाल्या. मी म्हटले, तुम्हीच लिहा. त्यांना अक्षर येत नाही, पण रेघ येते. त्यांच्यासाठी निराळी वही केली. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर, घेतली की त्याच्यावर रेघ. पूर्वी एखाद्या दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाई, तो घोळ आता होत नाही. म्हणून ज्यांना लिहिता येत नाही त्या भगिनींनी हे आपल्यासाठी नव्हे असे समजू नये. चुलीमागच्या भिंतीवर ज्यांनी आयुष्यभर हिशेब ठेवला, त्यांना कागद काय अवघड?

२०२४ च्या संक्रांतीला आपल्या मंडळात आपण प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी या वह्यांचे वाण दिले, हे तुम्हाला आठवत असेलच. बाराजणी तीन दुपारी याच खोलीत बसल्या होत्या. कोणी घड्या घातल्या, कोणी टाके घातले, आणि कापडाच्या रंगावरून थोडी भांडणेही झाली. तेव्हा मी पंधराव्या पृष्ठाविषयी कोणाला काही सांगितले नव्हते. ते कोरेच ठेवून दिले होते. हळदीकुंकवाच्या बैठकीत असले काय बोलायचे, असे मला वाटले. पण नंतर तुमच्यातल्या तिघीजणी एकेकट्या माझ्या दारी आल्या आणि त्यांनी विचारले, की या कोऱ्या पानावर काय लिहायचे? त्यांना मी दाराआड जे सांगितले, ते आज सगळ्यांसमोर सांगितले. चिटणीसबाईंचा आग्रह होता तो यासाठीच.

मैत्रिणींनो, घराच्या तारखा आपण ठेवल्या नाहीत तर घर अडते, म्हणून त्या आपण ठेवतोच. आपल्या तारखा आपण ठेवल्या नाहीत तर लगेच काही अडत नाही, म्हणून त्या राहून जातात. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, तीन घड्या घाला, तीन भोके पाडा. पंधरावे पृष्ठ आधी लिहा, मग बाकीची. सुई-दोरा ज्यांच्याजवळ नसेल त्यांनी शनिवारी दुपारी माझ्याकडे यावे. येताना कागद आणावा, चहा माझा.

 मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि मंडळातल्या प्रत्येकीलाही. नमस्कार.